सदतीस पॉइंट सहा

१

चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला दोन गोष्टी चांगल्या येत होत्या. आकडे लिहिणं आणि उलट उत्तर देणं. आज पन्नाशीला टेकले तरी या दोहोंवरच माझं चाललंय.

आमच्या दुकानात कम्प्युटर जुळवतात. पुढे मालक गिऱ्हाईक सांभाळतो. मधल्या खोलीत एक जाडा गृहस्थ दिवसभर सुटे भाग जोडत बसतो, त्याला सगळे पान्हा म्हणतात. आणि मागच्या खोलीत, जिथे खिडकीला गज आहेत पण वारा नाही, तिथे मी.

माझं काम सोपं. नवं जुळलेलं मशीन माझ्या फळीवर येतं. मी एक प्रोग्रॅम सुरू करते आणि तो मशीनला चार तास घाण्याला जुंपतो. दर अर्ध्या तासाने स्क्रीनवरचे दोन आकडे कागदावर उतरवायचे, प्रोसेसरचा वेग आणि प्रोसेसरचं तापमान. वेग चारच्या आसपास हवा, तापमान पासष्ट-सत्तर. पंच्याऐंशीच्या वर गेलं की बंद करून पान्ह्याला हाक मारायची. फार तापलं की मशीन आपणहून वेग कमी करतं, दम लागलेला माणूस पावलं आवरतो तसं. चार तास झाले की कागद मशीनबरोबर खोक्यात जातो, खाली माझी सही.

शिवाय मी हात लावते. हाताची मागची बाजू, मशीनच्या पत्र्याला. पोराला ताप आहे का बघतात तशी.

पान्हा म्हणतो, "बाई, तुमच्या हाताला पण एक वायर लावून द्या. एवढा खर्च कशाला स्क्रीनचा?"

"तुमच्या पोटाला लावते आधी," मी म्हणते. "बघू किती भरतंय."

आता खरं काय ते सांगते. मशीन क्वचितच वेगळं वागतं. म्हणून घाई असली की मी एक वाजताच पाचपर्यंतचे आकडे भरून मोकळी व्हायचे. त्याचीही एक रीत असते. सगळीकडे सारखाच आकडा लिहिला तर शेंबडं पोरही पकडेल. दोनने वर, एकाने खाली, मग जरा स्थिर, शेवटी थोडा उतार. खोट्याला थोडं हलतं ठेवावं लागतं, तरच ते जिवंत वाटतं.

२

ही रीत मी घरी एकदाच वापरली.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. लोखंडी खाट, खिडकीशी. तोंड शेवटपर्यंत शाबूत. "चौथी पासला काय कळतंय" हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत, आणि ते त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मीही काही गप्प बसणारी नव्हते. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक घेऊन जायचा, त्यामुळे आमच्या दोघींत पडायला कोणी नव्हतं. शेवटी घसा बसला तेव्हा त्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. दोनदा जवळजवळ, मग थांबून एक. टण टण. टण. रात्रंदिवस तेच. पाणी हवं, टण टण, टण. उशी सरकली, टण टण, टण.

शेवटच्या दिवशी ताप होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर अर्ध्या तासाने मोजा, कागदावर लिहा, एकोणचाळीसच्या वर गेला की एक मिनिट थांबू नका, घेऊन या. आणि त्याच दिवशी दुकानात वीस मशीनं एकदम निघायची होती. मालकाने फोन केला. घरी दुसरं कोणी नव्हतं. धाकटी नणंद तेव्हा बाहेरगावी नोकरीला होती.

मी एक वाजता मोजला. अडतीस पॉइंट दोन. आणि तिथेच उभ्या उभ्या पुढचे आठ भरून टाकले. अडतीस एक. अडतीस तीन. अडतीस. अडतीस दोन. अडतीस एक. सदतीस नऊ. सदतीस आठ. आणि पाच वाजता सदतीस पॉइंट सहा. किती छान उतरवला बघा मी ताप.

पाचला दुकानातून परत खोलीत आले तेव्हा सासूबाई संपल्या होत्या. चमचा खाली फरशीवर.

कागद कोणी तपासला नाही. उलट नणंदेने तो जपून ठेवला. बाराव्या दिवशी सगळ्यांसमोर काढून म्हणाली, "हे बघा, वहिनीने किती मन लावून केलं. शेवटच्या क्षणापर्यंत आईजवळून हलली नाही." नवरा रडला. माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

मी खाली मान घालून बसले. लोकांना ते दुःख वाटलं.

३

या नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणतात, चाळिशी उलटली तरी. लग्न केलं नाही. सासूबाई गेल्यावर नोकरी सोडून आमच्याकडे आली, त्यांच्याच खोलीत राहते, त्याच खाटेवर झोपते. कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी ऐकते आणि टाइप करून देते, हे तिचं काम. तिचं जुनं मशीन बंद पडलं.

"वहिनी, तुमच्याच दुकानातलं घेणार," ती म्हणाली. "पण तपासायचं तू. दुसऱ्या कोणाचा कागद मला चालणार नाही."

"दुकानात कागद लिहायला मी एकटीच आहे, बाई."

"म्हणून तर."

ही पोर माझ्यावर जीव टाकते. मला मूल नाही, आणि तिला आई नाही. कोणाला सांगत नाही, पण या घरात मला कोणी काही वाटत असेल तर ती ही. तिला त्या कागदाचं खरं कधी कळू नये, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

४

चिमणीचं मशीन पान्ह्याने मन लावून जुळवलं. एक वाजता माझ्या फळीवर आणलं. मी प्रोग्रॅम लावला. पंखा घरघरला, आणि बघते तर तापमान अडतीस पॉइंट दोन.

पहिली गोष्ट, पॉइंट. आमच्याकडे स्क्रीनवर पुरा आकडा येतो. तापमानाला पॉइंट मी कधी पाहिला नव्हता. दुसरी गोष्ट, अडतीस. घाण्याला जुंपलेलं मशीन अडतीसवर राहत नाही. खोलीच तेव्हा तीसच्या वर होती.

म्हटलं, नवा प्रोसेसर असेल. नवी सून पहिले चार दिवस थंडच असते.

दीड वाजता अडतीस एक. दोनला अडतीस तीन. मी लिहीत गेले. अडीचला अडतीस, आणि पेन्सिल थांबली. पुढचा आकडा मला माहीत होता. तीन वाजेपर्यंत मी स्क्रीनकडे पाठ करून बसले. म्हटलं, खाई त्याला खवखवे, दुसरं काही नाही. तीनला वळले. अडतीस पॉइंट दोन.

तेव्हा वेगाकडे लक्ष गेलं. एक वाजता चार होता. आता दोनच्याही खाली. तापमान गार, आणि मशीनला दम लागलेला.

मी हाताची मागची बाजू पत्र्याला लावली आणि ओरडून मागे घेतली. बोटांच्या सांध्यांवर चटका बसला होता.

पंख्याच्या घरघरीत आणखी काहीतरी होतं. कान दिला. टण टण. टण.

५

पान्हा आला, कमरेवर हात ठेवून ऐकलं. "वायर लागतेय पात्याला."

"आणि आकडा?"

"काय झालं आकड्याला? पासष्ट. चांगलाय की."

मी बघितलं. पासष्टच. वेग चार पॉइंट एक. पत्र्याला हात लावला, कोमट.

"तुम्ही यायच्या आधी अडतीस होतं. आणि वेग दोनच्या खाली."

तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. "बाई, असं होत नाही. मशीन गार असेल तर वेग पडणार नाही. वेग पडला म्हणजे ते तापलंय. दोघांतलं एक खोटं बोलतंय."

"कुठलं?"

"वेग खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "गार असल्याचं सोंग करता येतं, पण लागलेला दम लपवता येत नाही."

त्याने झाकण उघडलं. सगळ्या वायरी बारीक पट्ट्यांनी बांधलेल्या, पात्यापासून चार बोटं लांब. तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने झाकण लावलं. तो गेला, दार बंद झालं. साडेतीन. अडतीस पॉइंट एक.

मी कागदावर मोठ्या अक्षरात "नापास" लिहिलं. दुसऱ्या दिवशी पान्ह्याने मशीन स्वतःजवळ ठेवून चार तास तपासलं. पासष्ट, सहासष्ट, पासष्ट. मालक म्हणाला, "बाई, घरचं मशीन म्हणून फार चिकित्सा करू नका." आणि संध्याकाळी चिमणी स्वतः येऊन खोकं घेऊन गेली. कागदावर सही माझी नव्हती, एवढंच तिला खटकलं.

६

मशीन सासूबाईंच्या खोलीत लागलं. खाटेच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर ते.

पहिल्याच दिवशी मी दुकानातून लवकर आले, साडेचारला स्वयंपाकघरात होते. टण टण. टण. जाऊन बघितलं. चिमणी हेडफोन लावून टाइप करत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. माझ्याकडे बघून हसली. मी हसले आणि बाहेर आले.

तिला त्या मशीनपाशी एकटी सोडवेना, म्हणून मी दुकानातून रोज चारलाच यायला लागले. रोज साडेचारला सुरू. पाचला पाच कमी असताना बंद.

आता उरलेलं सांगते, कारण इथवर आल्यावर लपवून काय करू. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी पाचला घरी आले नव्हते. साडेचारलाच आले होते. जिना चढायच्या आधी खालच्या पायरीवर बसले. झाड आहे तिथे, सावली असते. सकाळपासून उभी होते, पाय सुजले होते. म्हटलं, दोन मिनिटं. वरच्या खिडकीतून आवाज येत होता. टण टण. टण. मी मनाशी म्हटलं, शेजारच्यांची भांडी असतील. शेजारी भांडी घासली जात नव्हती, हे मला ठाऊक होतं. पदराने वारा घेत बसले. आवाज आधी भराभर आला, मग सावकाश, मग नुसता एकेक टण. पाचला पाच कमी असताना थांबला. मला काय वाटलं माहितीय? हायसं वाटलं.

मग पाच मिनिटं आणखी बसले आणि वर गेले.

तर आता रोज साडेचार वाजले की मी खाली उतरायचे आणि त्याच पायरीवर बसायचे. घरात तो आवाज भिंतींतून यायचा. खाली निदान खिडकीतून यायचा, माणसाच्या आवाजासारखा. कानात बोळे घालून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

चिमणी म्हणाली, "वहिनी, रोज खाली काय बसतेस गं?"

"वारा खायला."

"मला पण बोलव की कधी."

"तू आपलं टाइप कर, चिमणे."

७

मग एक दिवस मला सुट्टी होती. चिमणी सकाळी उठली तीच कण्हत. घसा पार बसलेला, शब्द फुटेना. मी तिला झोपवलं, मशीन बंद केलं, भिंतीतली पिन काढून वायर टेबलावर गुंडाळून ठेवली. म्हटलं, आज तरी शांतता.

एक वाजता ताप मोजला. अडतीस पॉइंट दोन.

तोच आकडा. पण आकड्यांना काय, ते सगळ्यांना सारखेच येतात. गोळी दिली. पातळ औषध दिलं. पेला आणि चमचा उशाशी ठेवला. दीडला मोजला, दोनला मोजला, अडीचला, तीनला, साडेतीनला. एकही आकडा आधी लिहिला नाही. अडतीस चार. अडतीस तीन. अडतीसच्या आतबाहेर. चारला अडतीस पॉइंट सहा.

"साडेचारला परत बघते," मी म्हटलं.

तिने ओठ हलवले. बस ना, असं काहीतरी.

"बसते. आलेच."

पण साडेचारला पाच कमी असताना माझे पाय जिन्याकडे निघाले. सवय म्हणा. भीती म्हणा. त्या खोलीत, त्या वेळेला, त्या खाटेशेजारी बसणं माझ्याने होणार नव्हतं. म्हटलं, अर्धा तास काढू, मग वर जाऊ.

पायरीवर बसले. आवाज सुरू झाला.

आज त्याचा ठेका चुकत होता. टण. टण टण टण. टण. मी दात आवळून बसले. म्हटलं, वाजव म्हातारे, किती वाजवायचं तेवढं वाजव. वीस मिनिटं मी तशीच बसून होते, आणि मग ध्यानात आलं. मशीन बंद होतं. पिन मी स्वतः काढली होती. आणि चिमणीला हाक मारता येत नव्हती.

उठायला हवं होतं. पण वर गेले आणि खाटेवर चिमणी नसली, दुसरंच कोणी असलं तर? एवढ्या विचाराने मी आणखी बसले. किती ते सांगत नाही. आवाज एकेक होत गेला, आणि थांबला.

तेव्हा धावले.

८

चिमणी खाटेच्या कडेला घसरली होती. चमचा फरशीवर. डोळे अर्धे उघडे. कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती, चारी कडा जुळवलेली, अजून ठिबकत असलेली. ती मी ठेवली नव्हती. अशी घडी या घरात फक्त एक बाई घालायची, आणि मी घातली की विस्कटून टाकायची, चौथी पासला घडी पण जमत नाही म्हणून.

हाताची मागची बाजू गालाला लावली. चटका. मोजला, चाळीस पॉइंट चार. मी फोन लावला, ओरडले, पत्ता सांगितला. गाडी येईपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

"किती वाजवला, वहिनी," ती म्हणाली. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "खालीच होतीस ना."

"मला ऐकू नाही आलं, बाळा. झोप लागली होती गं पायरीवर."

तिने माझ्याकडे बघितलं. असं कधी बघितलं नव्हतं.

"खाटेवरून पायरी दिसते," ती म्हणाली. "तू वारा घेत होतीस."

गाडीची माणसं आली. तिला उचललं. जाताना तिने माझा हात धरला नाही. दारात एक जण म्हणाला, "वेळेत कळवलंत. होतील बऱ्या. तापाचा कागद असेल तर बरोबर घ्या." मी कागद आणायला परत वळले.

कागद टेबलावर होता, मशीनपाशी. वायर मी ठेवली तशीच गुंडाळलेली. स्क्रीनवर उजेड होता. सदतीस पॉइंट सहा.

खालून हाक आली, "बाई, चला!"

इतकी वर्षं मी ती खाट झटकली, पुसली, तिच्या चादरी बदलल्या. पण त्यावर कधी आडवी झाले नव्हते. का झाले ते विचारू नका. उशीवर डोकं टेकलं आणि खिडकीकडे मान वळवली.

दिसते. चांगली दिसते. झाड, सावली, आणि पायरी.

पायरीवर एक बाई बसली होती. सुजलेले पाय पुढे पसरलेले. माझं दुकानात जायचं जुनं लुगडं, जे मी सासूबाई गेल्यावर जाळलं. पदराने वारा घेत होती, निवांत.

मी हात खाली सोडून चमचा उचलला. पेल्यावर वाजवला. टण टण. टण. पुन्हा वाजवला, जोरात.

तिला ऐकू येतं. तिला ऐकू येतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

ती मान वर करत नाही.